पास्टरांच्या ताटातली गोळी

जाकिटाची नाडी कमरेच्या होल्स्टरमध्ये आधी शिरली आणि पिस्तूल मागाहून. नाडीची गाठ चापाला अडकली, डेल्मर हॅगर्टी यांनी पिस्तूल आत दाबलं, आणि गॅरेजमध्ये बार उडाला.

त्यांनी आधी उजवा पाय पाहिला, मग डावा. दोन्ही जागच्या जागी होते. पायाशी ठेवलेल्या बर्फपेटीच्या झाकणाला मात्र वाटाण्याएवढं भोक पडलं होतं. पेटीत बर्फ नव्हता. ओकच्या लाकडाच्या धुरावर चौदा तास भाजलेलं दहा किलो मांस टॉवेलात गुंडाळून ऊब धरून बसलं होतं, चर्चच्या रविवारच्या जेवणासाठी. डेल्मरनी पेटी उचलून तळ पाहिला. तळ शाबूत होता. म्हणजे गोळी आतच होती, लेकरासारखी दुलईत.

टेक्सासच्या त्या गावात बार ऐकून कुणी खिडकी उघडत नाही. शेजारचा कुत्रा एकदा भुंकला, तेही कर्तव्य म्हणून.

दुसऱ्या कुणी ही गोष्ट हसून सांगितली असती. पण पिस्तूल लपवून कसं बाळगायचं, हे साऱ्या काउंटीला शिकवणारे मास्तर हेच. दर शनिवारी वर्ग. पहिलं वाक्य ठरलेलं: "चोवीस वर्षं कमरेला बाळगतोय, पण माझ्या हातून कधी चुकून बार उडाला नाही." दुसरं वाक्य, जाकिटाची नाडी होल्स्टरजवळ येऊ न देण्याबद्दल असे.

मास्तर टॉवेल सोडून मांसात बोटं घालणार, तोच फोन वाजला.

"अरे, कुठं आहेस?" त्यांची बायको व्हर्लीन चर्चमधून विचारत होती. "पास्टरांची प्रार्थना संपत आली. लोकांना काय वाढू, माझं डोकं?"

"आलोच. मांस जरा तपासत होतो."

"चौदा तास तपासलंस की. आण आता."

वाटेत ओढा लागला. पेटी त्यात लोटून द्यावी, असं मास्तरांच्या मनात आलं. पण ऐंशी भुकेली माणसं आणि एक व्हर्लीन, त्यापेक्षा गोळी परवडली.

चर्चमध्ये त्यांनी सुरी कुणाच्या हाती दिली नाही. कापले तेही कागदासारखे पातळ काप, प्रत्येक उजेडाला धरून. रांग खोळंबली.

"मास्तर, मांस वाढताय की एक्स-रे काढताय?" हार्डवेअरच्या दुकानाचा रॉइस टिबेट्स म्हणाला.

रांगेच्या शेवटी पास्टर बोवर्स आले. "मला मात्र जाड तुकडा द्या. सकाळपासून पापावर बोलतोय, पोटात काही नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं अख्खा टवका उचलला. वर ऑर्फामावशींचा घेवडा घेतला, रॉइसकडची मक्याची भाकरी घेतली आणि बसले. मास्तर सुरी धरून त्यांच्या जबड्याकडे बघत राहिले.

चौथ्या घासाला 'टक्' वाजलं.

पास्टरांनी रुमालात काहीतरी काढलं. चेपलेलं, फुलासारखं उमललेलं शिसं. अख्ख्या दालनात ते ओळखू आलं नाही, असं कुणीच नव्हतं.

"कुणाची ही गोळी?" पास्टरांनी शांतपणे विचारलं.

मास्तरांची चोवीस वर्षं त्या रुमालात पडली होती. तेवढ्यात ऐंशी वर्षांच्या ऑर्फामावशी काठी टेकत उठल्या.

"माझी असेल बाबा. गुरुवारी किल्ल्या शोधत होते, तर पर्समध्येच उडाली. गोळी काही सापडली नाही. घेवडा शेजारीच भिजत होता."

"बसा मावशी," रॉइस खाली मान घालून म्हणाला. "माझी असणार. मंगळवारी सोफ्यावर टेकलो आणि खिशात उडाली. टीव्हीतून गेली ती सरळ पिठाच्या डब्याकडं."

"टीव्ही विजेनं गेला म्हणाला होतास," त्याची बायको म्हणाली.

मागच्या टेबलाशी आणखी दोघे उभे राहिले.

पास्टरांनी चौघांकडे पाहिलं. "आणि तुम्हाला शिकवलं कुणी?"

चौघांनी मास्तरांकडे पाहिलं, मग साऱ्या गावानं पाहिलं. ऑर्फामावशींची मान लटलट हलत होती. ते काही मास्तरांना बघवेना.

"मावशी, बसा तुम्ही," ते म्हणाले. "गोळी माझी आहे. आज सकाळी, गॅरेजमध्ये. जाकिटाची नाडी अडकली."

रॉइसचे डोळे भरून आले.

"बघा," तो म्हणाला. "आम्हाला झाकायला माणूस स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय. वर नाडी म्हणे. वर्गातल्या दुसऱ्या वाक्यातली नाडी."

"मी खरं सांगतोय, रॉइस."

"असू द्या, मास्तर, कळलं आम्हाला," पास्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "चोवीस वर्षांचं नाव असं ओवाळून टाकायला काळीज लागतं." आणि त्यांनी मास्तरांसाठी वेगळी प्रार्थना सुरू केली. साऱ्यांनी माना झुकवल्या. मास्तरांनीही झुकवली, कारण वर बघायची सोय राहिली नव्हती.

व्हर्लीन येऊन शेजारी टेकली. डोळे मिटूनच तिनं विचारलं, "पाय?"

"दोन्ही आहेत."

तरीही तिनं टेबलाखालून बुटाच्या टोकानं आधी एक दाबून पाहिला, मग दुसरा.