एका नकाराची तालीम

शिक्षण सप्ताहाच्या शेवटी, रविवारी, शाळेत स्नेहभोजन व्हायचे होते. त्यासाठी कोण काय देणार हे ठरवायला भरलेली पालकांची सभा खरे तर सुखाने आटोपली असती. सूरजच्या आईने भात कबूल केला होता, कोणी आमटी, कोणी शिरा, कोणी ताक. धवल सर वर्गाच्या दाराशी उभे राहून प्रत्येकाला हलकेच मान डोलावत होते. मग ट्रॅक्टरवाला शिवतेज उठला आणि मंडप, स्पीकर, मोठी भांडी, सगळे आपल्याकडून, असे त्याने जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या असाव्यात, कारण भिंतीला टेकून बसलेले म्हातारे तात्याबा उठले. त्यांनी फेटा सारखा केला आणि घसा खाकरला.

"माझ्याकडनं एक बकरं धरा, गुरुजी."

त्या भागात मेंढ्यालाही बकरंच म्हणतात. ज्याच्या दारात मेंढरे आहेत त्याने बकरं देणे म्हणजे पाहुण्याचा मोठ्यात मोठा मान. मंडप, स्पीकर आणि शिरा या साऱ्या गोष्टी एकाएकी लहान झाल्या. तात्याबांची बायको रंगुबाई हिने नवऱ्याकडे एकदा पाहिले. ते पाहणे सरांच्या ध्यानात आले, पण त्याचा अर्थ लागला नाही. मग सगळ्या माना सरांकडे वळल्या.

"बरं," धवल सर म्हणाले.

धवल सर मिरजेजवळच्या, नदीकाठच्या गावचे. घर जैन. दिवा लागल्यावर घरात कोणी घास घेत नसे, आणि आई, प्रभावती, आजही पाणी दुपदरी फडक्यातून गाळून भरत असे. आटपाडीच्या या माळावरच्या वस्तीतही सर सूर्य मावळायच्या आत खोलीच्या उंबऱ्यावर बसून डबा संपवत, आणि मेंढरे घेऊन परतणारी माणसे ते रोज पाहत. वस्तीत कोणाला ठाऊक नव्हते असे नाही.

पण सरांना आयुष्यात 'नको' म्हणता आले नव्हते. न्हाव्याने "अजून बारीक करू?" विचारले तरी ते "बरं" म्हणत आणि पुढचा महिनाभर टोपी घालून फिरत. या वस्तीवरची नेमणूकही तशीच. एका सहकाऱ्याने डोळ्यांत पाणी आणून शाळा बदलून मागितली होती. तो सहकारी आता साताऱ्यात घरापासून चालत शाळेत जात होता. नकाराचे शब्द सरांच्या मनात फार सुंदर जुळून येत. एकेक ओळ घडवलेली, कोणाला न दुखावणारी. फक्त त्या ओळी माणूस निघून गेल्यावर येत.

शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापिका विजयमालाबाई आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेच्या दवाखान्यात होत्या. जाताना त्यांनी सरांना एकच गोष्ट बजावली होती, की रोजच्या उपक्रमाचे फोटो न चुकता शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचे आणि केंद्रप्रमुख साहेबांना तक्रारीला जागा ठेवायची नाही. सर तेव्हाही "बरं" म्हणाले होते.

सोमवारी सकाळी परिपाठ चालू असताना तात्याबा बकरं घेऊनच आले. पांढरे, डोळ्यांभोवती काळे, तरणेताठे बकरं. त्याच्यामागे त्यांची नात राणी दप्तर न घेता आली होती.

"दिल्याली वस्तू घरात ठिवायची न्हाई आमच्यात," ते म्हणाले. त्यांनी दावे लिंबाच्या बुंध्याला बांधले, पण गेले नाहीत. तिथेच उभे राहिले. "मग रविवारचं कसं म्हणताय गुरुजी? तुमी म्हणाल तसं. तुमच्या शब्दाभाईर न्हाई."

सरांनी ओठ उघडले. म्हातारा असा काही त्यांच्या तोंडाकडे बघत होता, की या माणसाचा मान मोडणे म्हणजे पाप, असे त्यांना वाटले.

"ठरलंय तसंच," ते म्हणाले. तात्याबा आणखी थोडा वेळ थांबले, आणि मग खाली मान घालून चालू लागले.

तो दिवस शैक्षणिक साहित्याचा होता. मुलांनी मक्याचे दाणे, चिंचोके आणि कडब्याच्या काड्या वापरून तक्ते केले होते आणि ते वाळायला ओट्यावर मांडले होते. मधल्या सुट्टीत बकऱ्याने दावे ताणून, चिंचोके तेवढे वगळून, संपूर्ण बेरीज खाल्ली. सरांना फोटो तर टाकायचाच होता. त्यांनी उरलेल्या तक्त्यापाशी बकरं तसेच उभे ठेवून फोटो काढला आणि खाली लिहिले, 'परिसरातील साहित्याचा वापर.'

संध्याकाळी साहेबांचा गटावर संदेश आला. सजीव साहित्य वापरणारी तालुक्यातली ही पहिली शाळा, असे त्यात होते, आणि पुढे तीन अंगठे.

मंगळवारी मोजणीचा दिवस. मुले बकऱ्याचे पाय, खूर, दात मोजू लागली. राणी एरवी वर्गात तोंड उघडत नसे. तिने पुढे होऊन त्याच्या तोंडात बोट घातले आणि सगळ्यांना दात मोजून दाखवले, कारण दुसऱ्या कोणाला ते जवळ येऊ देत नव्हते. त्याची आई ते जन्मले तेव्हाच गेली होती, आणि राणीने बाटलीने दूध पाजून त्याला वाढवले होते, हे सरांना त्या दिवशी सूरजने सांगितले. सर खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मुलांना वाटले, सर आता काही तरी लिहितील.

बुधवारी खेळांमध्ये बकरं धावण्याच्या शर्यतीत घुसले आणि पहिले आले. त्याचाही फोटो गेला. या वेळी साहेबांनी लिहिले, की रविवारी आपण स्वतः स्नेहभोजनाला येत आहोत आणि त्या गुणी प्राण्याला भेटण्याची उत्सुकता आहे.

सरांनी तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. साहेब ज्याला भेटायला येणार, तेच साहेबांच्या पानात असणार होते. सरकारी शाळेच्या अंगणात, सरकारी सप्ताहात, आणि फोटोखाली सही एका जैनाची. बाई नेहमीप्रमाणे मिरजेहून फोन करून सगळे ठीक आहे ना, असे विचारत. सर ठीक आहे म्हणत. पलीकडून दवाखान्यातल्या ट्रॉलीची चाके वाजत, आणि त्या आवाजात आपली अडचण सांगणे सरांना अगदीच क्षुद्र वाटे.

दरम्यान तात्याबा रोज शाळेवरून चक्कर मारत. कुंपणापाशी काठीवर हनुवटी टेकवून उभे राहत, बकऱ्याकडे पाहत, सरांकडे पाहत. कधी विचारत, "काय बोलायचं हाय का गुरुजी?" सर म्हणत, काही नाही, तुमची कृपा. बकरं अंगाने भरले की नाही हे बघायला म्हातारा येतो, अशी सरांची समजूत झाली होती, आणि इतक्या साध्या माणसात एवढा कठोरपणा कुठून आला असेल याचे त्यांना दुःख होत असे.

गुरुवार संस्कृतीचा. वस्तीतली मोठी माणसे ढोल आणि झांजा घेऊन आली आणि मुलांना धनगरी गजी नाचायला उभे केले. नाचणाऱ्यांच्या कपाळाला भंडारा लावायचा मान गुरुजींचा, असे ठरले. सर हळदीचे ताट घेऊन रांगेतून निघाले. एकेका कपाळाला बोट लावत ते शेवटी पोहोचले, तिथे बकरं मान पुढे करून उभे होते. त्याचे दावे एका पोराच्या पायात अडकले होते. ढोल जोरात होता, पोरगे पडायच्या बेतात होते. सरांनी ताट एका हातावर तोलले, दुसऱ्या हाताने बकऱ्याच्या गळ्यातले दावे सोडून बाजूला टाकले, आणि रांगेतले कोणी वगळले असे नको, म्हणून त्याच्याही कपाळाला भंडारा लावला.

ढोल थांबला. एका माणसाने डोक्यावरचे मुंडासे काढले. दोन-तीन बायांनी हात जोडले. तात्याबांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले आणि ते निघून गेले. मग ढोल पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्याने.

दिलेल्या जनावराचे दावे सोडून आपण त्यांचा अपमान केला, एवढे सरांना कळले. जो नकार द्यायचा होता तो आता आणखीच अवघड झाला. शुक्रवारी मुलांना कागदाची फुले शिकवतानाही त्यांचे लक्ष दाराकडे होते, पण त्या दिवशी तात्याबा कुंपणापाशी आले नाहीत. शनिवारी झाडे लावली. मोकळ्या बकऱ्याने ती लावली त्याच क्रमाने खाल्ली. कोणी त्याला हाकलले नाही. सायंकाळी शिवतेज ट्रॅक्टरमधून एक प्रचंड पातेले उतरवून गेला. त्या पातेल्यात सरांना स्वतःचा चेहरा दिसला, रुंद आणि बावळट.

रविवारी उजाडताच ते तात्याबांच्या घराकडे निघाले. वाटेत बाभळींना, दगडांना, एका उभ्या सायकललाही त्यांनी आपला नकार म्हणून दाखवला. आरंभी कृतज्ञता, मध्ये अहिंसा, शेवटी क्षमा. अंगणात मेंढरांचा उबदार वास होता. रंगुबाई चुलीपाशी होती. तात्याबा घोंगडीवर बसले होते. त्यांना पाहिल्याबरोबर कृतज्ञता आणि क्षमा दोन्ही पळून गेल्या.

"बकरं नको," सर म्हणाले. "मला... कापायला नको. मी आधीच सांगायला हवं होतं."

तात्याबा गोंधळून बघत राहिले.

"कंचं बकरं?"

"आपलं. शाळेतलं."

"आवं, ते आता कोण कापतंय? ढोलाम्होरं भंडारा लावून दावं सोडलं, म्हंजी ते बिरोबाचं झालं. तुमीच सोडलं न्हवं का देवाला? आता त्याला कुनी बांधायचं न्हाई, हाकलायचं न्हाई, सुरी तर लांबच. म्या तर म्हनलं, गुरुजींनी काय तोड काढली बघा. माजा बी शबूद ऱ्हायला."

सर घोंगडीच्या कडेवर बसले. इतका वेळ पदर तोंडाला लावून उभी असलेली रंगुबाई आता हसू लागली.

"आता खरं सांगू का गुरुजी? ह्यास्नी वाटलं, तुमी जैनाचं, तुमी लगीच नको म्हणाल. शिवतेजच्या टाळ्या बी झाकून जातील आन् बकरं बी दावनीला ऱ्हाईल. तर तुमी आपलं, बरं."

"गप गं," तात्याबा म्हणाले, पण जोर नव्हता. बोटाने ते घोंगडीचा एक धागा ओढत राहिले. "पोरगी आठवडाभर माज्यासंगं बोललीच न्हाई. रोज कुंपनाला येत हुतो. म्हनलं, आज नको म्हणतील, उद्या म्हणतील."

"मग परत मागायचं होतं की."

"दिल्यालं मागायचं कसं गुरुजी? तेवढं तोंड पायजे की."

सरांनी त्यांच्याकडे पाहिले. आठवडाभर ज्याला ते कठोर समजत होते, तो माणूस कुंपणापलीकडे नेमका तेच करत होता जे ते स्वतः कुंपणाअलीकडे करत होते. माळावरून वारा आला आणि दोघांनी एकाच वेळी दुसरीकडे बघितले. रंगुबाईने चहा दिला. साखर फार होती. सर "बरं" म्हणून प्याले.

स्नेहभोजन छान झाले. प्रचंड पातेल्यात आमटी होती. साहेब आले, बकऱ्याला भेटले, आणि भाषणाला उभे राहिले तेव्हा त्याने त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खालून खायला सुरुवात केली. साहेबांनी ते कोणी तरी हाकलावे म्हणून आजूबाजूला पाहिले. कोणी हलले नाही. काहींनी तर हात जोडले. साहेबांना वाटले, ते भाषणाला जोडले आहेत. त्यांनी हार संपेपर्यंत भाषण केले. राणी पहिल्या रांगेत आजोबांना खेटून बसली होती.

शेवटी आभार मानायला तात्याबांच्या हातात माइक दिला गेला. त्यांनी फेटा सारखा केला, घसा खाकरला, आणि एकवार शिवतेजकडे पाहिले.

"फुडल्या वर्साला शाळंला माझ्याकडनं..."

"नको," धवल सर म्हणाले.

ते इतक्या ठाम आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, की वाढणारे हात थांबले आणि बकऱ्यानेही मान वर केली. आयुष्यातला तो पहिलाच नकार वेळेवर आला होता. सरांचे कान तापले, पण आत कुठे तरी, खूप दिवस बंद असलेली खिडकी कोणी उघडावी, तसे त्यांना वाटले.

तात्याबा माइक तोंडापासून लांब धरून, फक्त सरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "प्यायच्या पान्याचा माठ म्हणत हुतो, गुरुजी."

धवल सरांनी क्षणभर विचार केला.

"बरं," ते म्हणाले.