सहादू आप्पांनी सहकुटुंब यावे

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वर्षश्राद्धाची आमंत्रणं माझ्यावर सोड, असं मी आईला मोठ्या ऐटीत सांगितलं. आमच्या देवळा गावात घरोघर जाऊन बोलावण्याची पद्धत. ते काम आप्पांचं. प्रत्येक घरी चहा घेत ते निवडणुकीला उभं राहिल्यासारखे हिंडायचे. मी नाशिकला मोबाइलची ॲप लिहून पोट भरते. लगेच एक ॲप केलं. पहिल्या स्क्रीनवर नातेवाईक निवडायचा, त्याचं नाव दुसऱ्या स्क्रीनवरच्या आमंत्रणात जाऊन बसणार, की धाडलं!

आईचं मागणं एवढंच, की खंडेरावकाका जेवून गेले पाहिजेत. आप्पांचे हे धाकटे भाऊ दशक्रियेला ‘मला कुणी पानावर बस म्हटलं नाही’ म्हणत उपाशी निघून गेले होते.

आता, एका स्क्रीनवरचं नाव दुसरीला आपोआप कळत नाही. ते सोबत द्यावं लागतं. मी विसरले. दुसरी स्क्रीन कोरी राहती तर लक्षात आलं असतं. पण तिथे चाचणीपुरतं एक नाव लिहिलेलं होतं. चाचणीला कुठलंही नाव चालतं. माझी बोटं वर्षानुवर्षं एकच लिहितात. धाडण्याआधी मी पाहिलंही. ते नाव दिसलं, बरं वाटलं, आणि पुढे गेले.

सगळ्या भावकीला आमंत्रण पोचलं: ‘ती. सहादू आप्पा, आपण सहकुटुंब यावे.’ खाली कारण: सहादू आप्पांचं वर्षश्राद्ध!

वणीची लताआत्या फोनवर पोटभर रडली. तिच्या मते भावानेच निरोप धाडला होता. आप्पांचे मित्र पुंजाराम यांनी विचारलं, त्याला नेहमीसारखा मोटारसायकलवर आणू, की परस्पर येतोय? मी घाईघाईने माफी धाडली. त्याच ॲपमधून. ‘ती. सहादू आप्पा, माझी चूक झाली, माफ करा.’

मी गावी पोचले तरी काकांचा मात्र फोन नाही. आईने चप्पल घातली आणि मला पुढे घालून त्यांचं घर गाठलं.

काका मोबाइल हातात धरूनच बसले होते. “हे आमंत्रण आप्पाचं हाय, वहिनी. मी कसा येऊ?”

“ते येतील तेव्हा येतील. तुम्हाला बोलवायला मी आलेय, भाऊजी.”

काकांनी मोबाइल आईपुढे धरला. मग म्हणाले, “वर्षानं त्याचं नाव दिसलं फोनवर. पोरीला म्हणावं, पुसू नको.”

वर्षश्राद्धाला सगळे आले. काका पहिल्या पंगतीत बसले, खीर दोनदा मागून घेतली. आमंत्रण ज्यांच्या नावाने गेलं होतं, ते तेवढे आले नाहीत.