तळटीप सर गेले!

“यंदा पूल माझाच!” निघताना तळटीप सरांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

प्रत्येक वाक्याला ते ‘याला आधार असा की...’ अशी शेपटी जोडत, म्हणून हे नाव पडलं होतं. नदीवरचा दगडी पूल आपण म्हणतो तेवढा जुना आहे, हे ते वीस वर्षं विभागीय इतिहास परिषदेला पटवत होते. आणि वीस वर्षं त्यांचे प्रतिस्पर्धी सनावळी सर उठून म्हणत होते, “बारा वर्षांनी चुकताय!” आज सभेत त्याचा सोक्षमोक्ष लागायचा होता.

सर पहाटेच निघाले खरे, पण वाटेत पूलच लागला! धुक्यात नुसत्या कमानी तरंगत होत्या. सर कठड्याला टेकले आणि त्यांची तंद्री लागली. एक गाडी चुकली. मग दुसरीही.

इकडे परिषदेच्या चिटणीसबाईंनी त्यांच्या घरी फोन लावला.

“सर आहेत का?”

“ते गेले हो!” सरांची बायको म्हणाली.

“अगंबाई! कधी?”

“पहाटेच. अर्धवट झोपेतच गेले म्हणा ना!”

“काही बोलले का जाताना?”

“पूल, पूल करतच गेले!”

चिटणीसबाईंना हुंदका फुटला. बायकोला वाटलं, लाइन खराब आहे.

सर दुपारी सभागृहात पोचले ते मागच्या दाराने. पिवळ्या पडद्यांतून ऊन गाळून येत होतं, धुळीचे कण सोन्यासारखे तरळत होते. सर खांबाआड टेकले. कुणीतरी कुणाचं तरी कौतुक करत होतं. व्यासंगी, निर्मळ, सत्यासाठी झिजलेला माणूस! ‘कोण बुवा हा भाग्यवान?’ सरांचे डोळे मिटू लागले. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, तेव्हा तेही उभे राहिले. त्यांनाही गलबलून आलं.

मग सनावळी सर उठले. “आमचे तळटीप सर गेले! आता कबूल करतो, पुलाच्या बाबतीत तेच बरोबर होते.”

सर खाडकन जागे झाले. म्हणजे मीच की तो! ओरडावं, तर हातचा पूल जाणार. गप्प बसावं, तर आपणच गेलेले! सर गप्प बसले. वीस वर्षांत पहिल्यांदाच पूल असा समोर चालून आला होता.

“पुलाची नोंद तळटीप सरांच्या मताप्रमाणे करावी आणि त्यांच्या नावे दरवर्षी स्मृतिव्याख्यान ठेवावं,” अध्यक्ष म्हणाले. “अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करा!”

भराभर हात वर गेले. सवयीने खांबाआडचाही एक गेला.

“हजेरीच्या सह्या चाळीस आणि हात एकेचाळीस?” चिटणीसबाई मोजत मोजत मागे आल्या, खांबाआड डोकावल्या आणि अशी किंकाळी फोडली की अध्यक्षांचा चष्मा नाकावरून घसरला!

“मी जिवंत आहे!” सर पुटपुटले.

“याला आधार?” कुणीतरी विचारलं. जन्मात पहिल्यांदाच सरांना आधार सापडेना.

“माझे शब्द मी मागे घेतो!” सनावळी सर गरजले. पण डोळे पुसत त्यांनी सरांचा हात असा घट्ट धरला, की तो सुटता सुटेना. “गाढवा, किती घाबरवलंस!”

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक चाळलं. मंजूर झालेला ठराव वर्षभर बदलता येत नव्हता. त्यामुळे पूल सरांचा झाला. पण स्मृतिव्याख्यानही होणारच होतं!

ते पुढच्या महिन्यात झालं. वक्ते सनावळी सर, विषय ‘पुलाचा काळ : बारा वर्षांची चूक’. हारही त्यांनाच घातला गेला.

आणि आभार? ते मानायला कैलासवासी स्वतः उभे राहिले!