किग्गुंडू मास्तरांचा हयातीचा दाखला

पाचच्या आत आपण जिवंत आहोत हे फोनवरून सिद्ध केलं नाही, तर पेन्शनच्या यादीत किग्गुंडू मास्तर मयत ठरणार होते. ही नुसती धमकी नव्हती. त्यांचे मित्र ब्यारुहांगा गेल्या वर्षी असेच मयत ठरले होते आणि यादीत परत जिवंत होण्याची खटपट करता करता बिचारे खरोखरच गेले.

साडेतीनला मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन तोंडासमोर धरला. पेन्शनचं ॲप चेहरा बघून खात्री करणार होतं.

"सन्यूच्या बाबा, थांबा," बायको म्हणाली. "ते व्हीपीएन चालूच आहे ना?"

निवडणुकीत सरकारने सोशल मीडिया बंद केला, तेव्हा निम्म्या मसाका शहराने फोनचा खरा ठावठिकाणा लपवून दुसऱ्याच देशातला दाखवणारं हे ॲप टाकून घेतलं होतं. मास्तरांनी ते पाच वर्षं बंदच केलं नाही. फाटकाची कडी कोणी उघडी ठेवतं का, असं त्यांचं म्हणणं.

"रेडिओवर सांगत होते, ठावठिकाणा लपवणाऱ्यांना पकडतात म्हणून. आधी बंद करा ते."

मास्तरांनी व्हीपीएन बंद केलं, डोळे मिचकावले, मान दोन्हीकडे वळवली. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'अनोळखी ठिकाण. आपण कोण आहात? वॉर्डाच्या चेअरमनचं पत्र जोडा.'

"चाळीस वर्षं इथं राहतोय आणि अनोळखी?" मास्तर म्हणाले.

चेअरमन लुब्वामा केळीच्या बागेपलीकडेच राहायचा. रोज संध्याकाळी चहाला मास्तरांकडे. मास्तर पत्रासाठी त्याच्याकडे गेले.

"ओळखपत्र दाखवा," तो म्हणाला.

"अरे, तुझ्या लग्नात भाषण मी केलं होतं."

"म्हणून तर भीती वाटते, मास्तर. ओळखीच्या माणसाला पत्र दिलं की लोक संशय घेतात."

ओळखपत्र उलटसुलट बघून त्याने पत्र लिहिलं, दोनदा शिक्का मारला आणि काय होतंय ते बघायला मास्तरांबरोबर घरी आला. मास्तरांनी पत्राचा फोटो काढून जोडला. पावणेपाचला उत्तर आलं: 'पत्र मसाकाचं आहे. आमच्या नोंदीनुसार आपण पाच वर्षं रोमेनियात राहता. नेहमीच्या ठिकाणाहून शेवटचा प्रयत्न करा.'

"रोमेनिया कुठं आलं?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता, पण आता नकाशा काढून दाखवायला वेळ नव्हता. त्यांनी व्हीपीएन चालू केलं, रोमेनिया निवडलं आणि डोळे मिचकावले. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. बायकोने त्यांचा दंड इतका घट्ट धरला की हात बधिर झाला. पाचला चार मिनिटं असताना हिरवी अक्षरं उमटली: 'घरी स्वागत आहे. आपण हयात आहात.'

बायको जमिनीवरच बसली आणि रडायला लागली. मास्तरांचेही डोळे भरून आले.

लुब्वामाने मात्र हात पुढे केला. "ते पत्र द्या बघू इकडं," तो म्हणाला आणि त्याने पत्राची घडी घालून खिशात टाकली.

"हे काय?"

"मी लिहून दिलंय, तुम्ही माझ्या वॉर्डात राहता म्हणून. सरकार म्हणतंय रोमेनियात. उद्या मला विचारलं तर?"

"अरे, पण मी तुझ्यासमोर उभा आहे."

"ते तुमचं म्हणणं झालं, मास्तर," लुब्वामा म्हणाला आणि चहा न घेताच निघाला.