जुना सत्तेचाळीस

सत्तेचाळीस नंबर टेबलावर आला तेव्हा त्याला डोळे होते.

लांबट ताटात शेपटीपासून डोक्यापर्यंत अख्खा मासा. अंगावर लसूण, लाल मिरच्या, लिंबाच्या चकत्या. आणि तोंड असं अर्धवट उघडं, जणू त्यालाही काहीतरी मागवायचं होतं. वेट्रेसने ऑर्डरची वही काखेत धरून ग्लास कडेला सरकवले, ताट मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "चौघांना आरामात पुरतो." टेबलाशी माणसं दोन होती.

लिफ्टवाल्यांनी माशाकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग परत माशाकडे. दोघांत मासाच कमी प्रश्न विचारील असं दिसत होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "आई मासे खायची?"

टेबल ५. माणसं २.
४७ — एक.
(काकांनी कार्ड उघडलं नाही. म्हणाले, सत्तेचाळीस, नेहमीचं.)

आता एवढ्यावर कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, "नाही गं, काहीतरी घोळ झालाय." लिफ्टवाले शहाणेच होते. चौतीस वर्षं त्यांनी बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आत अडकलेल्यांना बाहेरून धीर दिला, आणि एकदाही कोणाला खोटं सांगितलं नाही. अर्धा तास लागणार असेल तर अर्धा तासच सांगायचे. आतला माणूस रडला तरी पंधरा मिनिटं म्हणायचे नाहीत. पण गेल्या चार दिवसांत त्यांची पार रया गेली होती.

बायकोला जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हा लेकीला दोनच दिवस राहता आलं. आता ती चार दिवसांची रजा काढून आली होती आणि उद्या सकाळी निघणार होती. आईचं कपाट आवरता आवरता ती साधेच प्रश्न विचारत होती.

"आईची हिरवी शाल कुठंय?"

"कपाटात असेल."

"कपाटच आवरतेय मी, बाबा."

"मग... दुसऱ्या कपाटात."

दुसरं कपाट घरात नव्हतं.

"तिच्या चपलेचा नंबर काय होता हो?"

"पाच," लिफ्टवाले ठामपणे म्हणाले. पलंगाखालून निघालेल्या सगळ्या चपला सातच्या होत्या.

"शेवटी शेवटी तिला झोप यायची नाही म्हणे. मग काय करायची रात्रभर?"

"मी... मी झोपलेला असायचो गं."

लेकीने चपला पिशवीत भरायला घेतल्या. रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणून आज दुपारी तिने शेवटची पिशवी बांधता बांधता विचारलं, "आई दर गुरुवारी फोनवर सांगायची, आज आमचा थाई हॉटेलचा वार, आज माझं सत्तेचाळीस. ते सत्तेचाळीस म्हणजे काय होतं? जायच्या आधी मला तेच खायचंय. एकदा तरी," तेव्हा लिफ्टवाले खुर्चीतून उठलेच.

"ते मला माहीत आहे!"

सगळ्या पेपरांत नापास होत आलेल्या मुलाला शेवटच्या पेपरात पाठ केलेलाच प्रश्न यावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. शर्ट बदलून, केस विंचरून ते सात वाजता लेकीला घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात हजर झाले. किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि लाँड्रीच्या मधलं, आठ टेबलांचं हॉटेल. सहा वर्षं दर गुरुवारी ते दोघं इथं यायचे. पदार्थांची नावं लांबलचक, जीभ अडखळायची, म्हणून नंबर सांगायचे. लिफ्टवाल्यांना ही पद्धत फार पसंत होती. नंबर दाबला की त्या मजल्यावर जायचं. त्यात उच्चार कशाला?

आणि आता त्या मजल्यावर मासा उभा होता.

"बोला ना बाबा. खायची?"

"बाहेर खायची," लिफ्टवाले म्हणाले.

"मी एकदा डब्यात मासे आणले तर तिने मला जिन्यात बसून खायला लावलं होतं!"

"तेच म्हणतोय. घराबाहेर."

लेकीने काट्याने एक तुकडा उचलला, बराच वेळ चावला. "आई हे खायची," ती हळूच म्हणाली. आईचं दुसरीकडे आणखी एक घर होतं असं कोणी सांगितल्यासारखं तिचं तोंड झालं. लिफ्टवाल्यांना ते बघवेना. हात धुवायचं निमित्त काढून ते काउंटरवर गेले.

"अहो, हे सत्तेचाळीस नाहीये."

"काका, हेच सत्तेचाळीस." वेट्रेसने नवंकोरं कार्ड पुढे केलं. छापलेलंच होतं.

"मला जुना पाहिजे. आधीचा."

"आधीचं मला नाही माहीत. मी तीन महिन्यांपूर्वी लागले, कार्ड त्याच्याही आधी बदललंय. मालकीणबाईंना विचारा. येतील त्या आठपर्यंत."

"काय काय बदललं?"

"सूपं सगळ्यात मागे होती, ती पुढे आणली म्हणतात. आठ आहेत."

"म्हणजे सगळं आठने वर सरकलं. पंचावन्न!" लिफ्टवाल्यांच्या जिवात जीव आला.

"पण मधले काही पदार्थ काढून पण टाकले. सोळा की काय."

"मग एकोणचाळीस." त्यांनी क्षणभर विचार केला. "दोन्ही आणा."

टेबल ५.
४७ — एक. दिला.
५५ — एक.
३९ — एक.
(काका म्हणतात, मुलीला काही सांगायचं नाही.)

पंचावन्न नंबर लाल करी निघाली; तिच्यात लहान लहान वांगी गळ्यापर्यंत बुडाली होती. एकोणचाळीस नंबर कच्च्या पपईची कोशिंबीर. तिच्यासोबत वेट्रेसने न मागता पाण्याचा मोठा जग आणून ठेवला, त्यावरून काय ते समजायचं.

"हेही आईचं?" लेकीने विचारलं.

"अधूनमधून," लिफ्टवाले म्हणाले आणि परत हात धुवायला गेले.

त्यांचा हिशोब कुठं चुकला ते त्यांच्या लक्षात आलं होतं. काढलेले सोळाही पदार्थ सत्तेचाळीसच्या आधीचेच असतील कशावरून? काही पुढचेही असणार. म्हणजे हवा तो पदार्थ एकोणचाळीस आणि पंचावन्नच्या मध्ये कुठेतरी अडकला होता. लिफ्ट अडकली की ते असंच करायचे. वरचं दार उघडून बघायचं, खालचं दार उघडून बघायचं, आणि मग मधल्या मजल्यांवर जाऊन हाका मारायच्या.

टेबल ५ आणि ६ जोडली.
४३ — एक.
५१ — एक.
(मुलगी रडतेय. काकांनी अजून पाहिलेलं नाही.)

त्रेचाळीस आणि एक्कावन्न घेऊन वेट्रेस आली आणि मागोमाग हात पुसत लिफ्टवाले. हात धुऊन धुऊन त्यांची बोटं सुरकुतली होती. दोन टेबलांवर पाच ताटं आणि एक जग. चार मजले उघडून झाले होते आणि आत कोणीच नव्हतं.

"बाबा," लेकीचा आवाज चिरका झाला होता, "आई हे सगळं खायची?"

"भूक चांगली होती तिची," लिफ्टवाले म्हणाले. सवयच लागली होती.

लेकीने काटा खाली ठेवला. "मला फोनवर म्हणायची, घास उतरत नाही गं. मी म्हणायचे, सूप पी. म्हणायची, बरं. आणि इथं येऊन ती... मग मला खोटं का सांगायची? माझ्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून?"

अडकलेल्या माणसाला पंधरा मिनिटं सांगितली की हे असं होतं. लिफ्टवाले मटकन बसले.

"ती नाही गं. मी खोटं बोलतोय. तिला खरंच घास उतरत नव्हता. शेवटचे दोन महिने आम्ही इथं आलोच नाही. यातलं एकही ताट तिचं नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. "शाल माहीत नाही, चप्पल माहीत नाही. सत्तेचाळीस तेवढं माहीत होतं. तेही छापखान्यानं बदललं."

लेक हसली की हुंदका आला, तिचं तिलाही कळलं नाही. तेवढ्यात दार ढकलून मालकीणबाई आल्या. हातात भाजीच्या पिशव्या. जोडलेली टेबलं पाहून त्या थबकल्या, मग लिफ्टवाल्यांना ओळखून खुलल्या.

"अरे वा साहेब! किती दिवसांनी! ताई कुठायत?"

"पाच महिने झाले," लिफ्टवाले म्हणाले.

मालकीणबाईंनी पिशव्या जमिनीवर ठेवल्या. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. मासा तेवढा तोंड उघडून होता.

"ही मुलगी माझी. तिला आईचं सत्तेचाळीस खायचंय," लिफ्टवाले म्हणाले. "जुनं."

"कार्ड दोनदा बदललं हो तेव्हापासून. कसं होतं ते, सांगाल?"

"सांगतो की. मी घासभर चाखायचो ना तिच्या ताटातलं." लिफ्टवाल्यांचे हात हवेत हलायला लागले. "रुंद नूडल्स. कडा जरा करपलेल्या. पालेभाजीचे देठ, आधी कुरकुरीत, मग मऊ पडतात. तिसऱ्या चौथ्या घासाला अंडं लागतं. निम्म्यावर आलं की जरा कमी गरम, तेव्हा चव जास्त येते. आणि अगदी शेवटी ताटाच्या तळाशी काळं, गोडसर असं काहीतरी राहतं, ते चमच्याने खरवडून..."

"तळाशी?" लेकीने विचारलं. "घासभर चाखून तळ कसा दिसला, बाबा?"

लिफ्टवाल्यांचे हात हवेतच राहिले.

मालकीणबाई हसल्या, पण लगेच आवरलं त्यांनी. "साहेब, सत्तेचाळीस तुम्ही खायचात."

"मी?"

"तुम्ही एकपासून सुरू केलं होतं, आठवतं? दर गुरुवारी पुढचा नंबर."

"सगळे मजले तपासायचे असतात," लिफ्टवाले पुटपुटले.

"तुमचं ताट यायचं. तुम्ही दोन घास खायचात, तोंड वाकडं करायचात. बोलायचा नाहीत काही. ताईंच्या ताटाकडे नुसतं बघायचात. आणि ताई ताटं बदलायच्या. मग तुम्ही गप्पा मारत मारत तळापर्यंत. माझं अख्खं कार्ड खाल्लेलं गिऱ्हाईक एकच, ताई. त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या कार्डाच्या!"

लेक जोडलेल्या टेबलांकडे बघत राहिली. "म्हणजे हे सगळं... आई खरंच खायची."

"मासा नवीन आहे. बाकी सगळं."

"मग तिने दोन सत्तेचाळीस का नाही मागवले?"

"मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाल्या, यांची पाळी सत्तेचाळीसवर आली तेव्हा दोन आलेच होते की. तेव्हाही यांना माझंच जास्त चांगलं दिसलं."

वेट्रेस काउंटरमागे तोंडावर हात ठेवून वळली. लिफ्टवाले माशासारखे बसले होते.

"तिला स्वतःला काय आवडायचं?" लेकीने विचारलं.

"सत्तेचाळीसच. पहिल्या दिवशी अर्धा तास कार्ड बघून त्यांनी तेच निवडलं होतं. पण स्वतः मागवलेलं ताट स्वतःला खायला मिळालं ते एकदाच. तुम्ही साहेब कुठंतरी अडकलेली माणसं काढत होता, म्हणून एकट्या आल्या. अर्धं खाल्लं, अर्धं बांधून घेतलं. मी म्हटलं, आज तरी संपवा. तर म्हणाल्या, ते दमून येतील."

लिफ्टवाल्यांना तो डबा आठवला. हात ग्रीसने बरबटलेले होते, म्हणून तिने झाकण काढून दिलं होतं. ओट्याशी उभ्यानेच खाल्लं होतं त्यांनी. ती बाजूला उभी होती.

"मी तिला म्हणालो," त्यांनी बोटांवरचं नसलेलं ग्रीस पुसलं, "म्हणालो, हल्ली फार कमी द्यायला लागलेत."

मालकीणबाई उठल्या. पिशव्या उचलून आत गेल्या. आतून कढई ठेवल्याचा आवाज आला.

टेबल ५ आणि ६.
जुना ४७ — एक. कार्डात नाही.
(मालकीणबाई स्वतः करतायत.)

ताट आलं. साधं, पांढरं, फारसं काही दिसायला नसलेलं. वाफ लिफ्टवाल्यांच्या बाजूला आली आणि त्यांना सगळं आठवलं, तळापर्यंत. त्यांनी ताट दोन्ही हातांनी लेकीपुढे सरकवलं.

"बाबा, आपण अर्धं अर्धं..."

"नको."

"घासभर तरी."

"अजिबात नको. कडेचं आधी खा, गार झालं की चिवट होतं. आणि तळाचं ठेवू नकोस, तेच खरं असतं."

लेक मान खाली घालून खायला लागली. लिफ्टवाल्यांनी पपईची कोशिंबीर पुढे ओढली. दोन घास खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड वाकडं केलं नाही. तिसराही खाल्ला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपली नजर घरंगळत पलीकडच्या ताटाकडे निघाली आहे, आणि लेकीचा काटा मंदावला आहे.

त्यांनी झटकन कार्ड उचललं, दोघांच्या मध्ये भिंतीसारखं उभं धरलं आणि पहिल्या नंबरापासून पदार्थांची नावं, एकेक अक्षर लावत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.