नऊच्या आत हिरवं बटण

सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं झाली होती आणि बाइंडरकाकूंचा फोन त्यांना ओळख द्यायला तयार नव्हता.

"चेहरा ओळखता आला नाही," असं पडद्यावर उमटलं. काकूंनी चष्मा काढून पाहिला. पुन्हा तेच. चष्मा लावला, केस सारखे केले, खिडकीपाशी उजेडात जाऊन उभ्या राहिल्या, तोंड धुऊन आल्या. फोनचं म्हणणं कायम. ज्या नजरेपुढे कागदाचा व्यापारी मुकाट्याने आतला चांगला गठ्ठा काढून देई, त्या नजरेने त्यांनी फोनकडे रोखून पाहिलं. त्याचाही उपयोग झाला नाही. खरं तर कालच्या संध्याकाळपासून आपण दहा वर्षांनी तरुण दिसतो, अशी त्यांची समजूत होती.

एरवी काकूंनी फोन उशीखाली टाकून दिला असता. पण नऊच्या आत त्यातलं हिरवं बटण दाबलं गेलं नाही, तर त्यांचं घर जाणार होतं.

घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काकूंनी अडतीस वर्षं वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवली, चिकटवली, त्यांना नवे पुठ्ठे घातले. वाचनालयाचं काम थांबलं तरी लोक आपापली जुनी पुस्तकं घेऊन अजून येत. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा अर्ध्या तासाच्या अंतरावर नव्या इमारतीत राहत होता. त्याने आईसाठी तिथे एक खोली तयार ठेवली होती आणि तीन वर्षं तो तिच्यामागे लागला होता.

"तिथं तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही," तो म्हणे.

काकूंना नेमकी त्याचीच भीती वाटत होती.

शेवटी दोन आठवड्यांपूर्वी तो नवा फोन घेऊन आला. "यात 'खुशाली' नावाचं ॲप टाकलंय. रोज नऊच्या आत हिरवं बटण दाबायचं. मला आणि वरच्या डॉक्टरांना निरोप येतो, मी ठीक आहे. नाही दाबलंस तर नऊ वाजून एक मिनिटानं आमच्या दोघांच्या फोनवर भोंगा वाजतो."

"आणि एखाद्या दिवशी चुकलं तर?"

"एकदा जरी चुकलं तरी सामान बांधायचं. नाही चुकलं तर मी परत विषय काढणार नाही. कबूल?"

"कबूल," काकू म्हणाल्या. आयुष्यात एकही वायदा न चुकवलेल्या बाईला एका बटणाची काय मातब्बरी.

अडचण सुरुवातीपासूनच होती. फोन उघडायला बोटाचा ठसा लागतो म्हणून मुलाने त्यांची दहाच्या दहा बोटं लावून पाहिली. पण कागद माणसाची बोटं झिजवतो. काकूंच्या बोटांवर ठसा म्हणून काही उरलाच नव्हता. तेव्हा त्याने त्यांचा चेहरा फोनला दाखवला. शिवाय सहा आकडी पिन घातला, फोनच्या खोक्याच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहिला आणि बजावलं, "हे खोकं जपून ठेव."

काकूंनी ते जपून ठेवलं होतं. फक्त स्वतःच्या पद्धतीने.

साडेआठ वाजता त्या उताराखाली कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात शिरल्या. दुरुस्तीवाली पन्नाशीची होती. ती दुकानाच्या मागेच राहत असे आणि एका डोळ्याला भिंग लावून जगाकडे बघत असे. आज दुकानात तीन गिऱ्हाइकं आधीच उभी होती. त्यांच्यात ताटकळून काकूंचा नंबर येईपर्यंत भिंतीवरचा काटा पुष्कळ पुढे सरकला.

"बोला काकू, काय झालं?"

"हा मला ओळखत नाही."

"मीसुद्धा आत्ता पटकन ओळखलं नाही तुम्हाला. काहीतरी बदललंय." तिने भिंग वर केलं. "फोन कधी घेतलात?"

"दोन आठवडे झाले."

"आणि दात?"

काकूंनी आवाज खाली आणला. "काल."

"मग त्याची काय चूक? त्यानं तुमचं बोळकं पाहिलेलं. आज तुम्ही भरल्या तोंडानं त्याच्यासमोर उभ्या. कवळी काढा, आत्ता उघडेल."

तिन्ही गिऱ्हाइकांनी एकाच वेळी छताकडे पाहिलं, म्हणजे तिघंही ऐकत होती.

काकूंचे उरलेसुरले दात गेल्या महिन्यात निघाले होते. कवळी येईपर्यंत त्या तोंडाशी रुमाल धरूनच वावरल्या होत्या. ते बोळकं फक्त त्यांनी, दातांच्या डॉक्टरिणीने आणि या फोनने पाहिलं होतं. मुलाने चेहरा नोंदवला, तेव्हाही त्याला त्यांनी पाठ करून उभं केलं होतं. काल कवळी बसली तेव्हा त्यांनी आरशासमोर ठरवून टाकलं होतं की आता ती दुसऱ्या माणसादेखत निघायची नाही.

"काढणार नाही," त्या म्हणाल्या. "फोन माझा, दातही माझे. त्याला सांग, नवी बाई आणि जुनी बाई एकच."

"सांगते की. नवा चेहरा नोंदवता येतो. पण त्याला पिन लागेल."

"खोक्यावर लिहिलाय."

"मग खोकं आणा."

काकूंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"टाकलंत?"

"मी पुठ्ठा टाकीन का कधी? कापला. असा ताठ, गुळगुळीत पुठ्ठा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. डॉक्टरांचा शब्दकोश बांधायला आला होता, त्याला घातला. झाकण मागच्या बाजूला आहे. वरून कापड, आतून कागद."

दुरुस्तीवालीने भिंग काढूनच ठेवलं. "म्हणजे तुमचा पिन शब्दकोशात आहे."

"शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात."

"मुलाला विचारा मग."

"त्याला विचारलं की संपलं सगळं."

"बरं, मागे माझ्या घरात चला. दार लावून घेते. एक मिनिट दात काढा, बटण दाबा, परत घाला. कुणाला कळायचं नाही."

सल्ला सोन्यासारखा होता. पण चोरून करायच्या कामाची काकूंना सवय नव्हती आणि तीन अनोळखी माणसं छताकडे बघत असताना तर मुळीच नव्हती. "मागच्या खोलीत जाऊन तोंड लपवायला मी काय दरोडा घातलाय?" असं म्हणून त्या निघाल्या. भिंतीवरच्या घड्याळात नवाला पाच कमी होते. फोनच्या हट्टापायी घरी एकटीनेही कवळी काढायची नाही. डॉक्टरांकडून शब्दकोश घ्यायचा, पिन काढायचा, बटण दाबायचं. काय दोन-चार मिनिटं उशीर होईल तो होईल, तेवढ्यावरून मुलगा काही सामान बांधायला लावणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

गुडघ्यांचा हिशेब वेगळा होता. रस्ता चढाचा. पिशवीच्या तळाशी फोन वाजत होता, तो रहदारीच्या आवाजात त्यांना ऐकू आला नाही. चालता चालता त्यांना त्यांच्या आईची पत्रं आठवली. पंधरा दिवसांनी एक कार्ड यायचं, त्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, 'सर्व कुशल.' ते हाती पडेस्तोवर लिहिणारं माणूस तापाने फणफणून उठून कामालाही लागलेलं असे. तरी कार्ड वाचून घरात सगळ्यांना बरं वाटायचं. कार्ड उशिरा आलं म्हणून कुणी कुणाच्या दारावर धावून गेल्याचं काकूंना आठवत नव्हतं.

त्या जिन्यापाशी पोचल्या तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि जिना माणसांनी भरला होता. वरून ठोकाठोकीचा आवाज येत होता.

"काय झालंय?" काकूंनी शेवटच्या माणसाला विचारलं.

"बाइंडरकाकू गेल्या."

"कुठे?"

"गेल्या म्हणजे, गेल्याच."

"कधी?"

"नऊ वाजून एक मिनिटानं."

काकू माणसांना बाजूला सारत वर गेल्या. त्यांच्या दारातच बसवलेल्या, आतून-बाहेरून लागणाऱ्या कुलपाशी किल्लीवाला घामाघूम होऊन बसला होता. शेजारी वरच्या मजल्यावरचे डॉक्टर उभे होते. निवृत्त झाल्यावर बारा वर्षांनी त्यांनी पहिल्यांदाच आपली बॅग बाहेर काढली होती आणि ते दारावर थापा मारत ओरडत होते, "वहिनी, उठू नका. आम्ही दार फोडतोय."

"डॉक्टर, जरा शब्दकोश द्या तुमचा," काकू मागून म्हणाल्या.

डॉक्टरांनी वळून पाहिलं. "आपण कोण? वहिनींची बहीण का?"

"मोठी की धाकटी?"

"धाकटी असाल."

"तेवढ्यावर तुम्हाला माफ केलं. मीच आहे. आणि तू रे, थांबव ते. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला आहे."

"आधी सांगायचं ना काकू," किल्लीवाला म्हणाला. "कसलं दणकट कुलूप आहे. हात मोडून आला माझा."

दार किल्लीने उघडलं. जिन्यावरची निम्मी माणसं आत आली; इतक्या खटपटीनंतर काहीतरी बघायला मिळावं अशी त्यांची साधी अपेक्षा होती. डॉक्टर वरून शब्दकोश घेऊन आले. काकूंनी तो टेबलावर ठेवला आणि हातात सुरी घेतली.

परवाच बांधून दिलेलं पुस्तक. पाठ अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. कोपरे काटकोनात दुमडलेले, कापडाला एक सुरकुती नाही. हल्ली हात थरथरतो म्हणून काकूंनी ते चार दिवस खपून केलं होतं. त्यांनी सुरीचं टोक मागच्या पुठ्ठ्याला लावलं आणि उचललं. परत लावलं, परत उचललं.

"कापा वहिनी," डॉक्टर म्हणाले. "नाहीतरी 'अ'च्या पुढे मी कधी गेलोच नाही."

एवढ्यात मुलगा आला. अर्ध्या तासाचा रस्ता त्याने पंचवीस मिनिटांत कापला होता. शर्टाची बटणं खालीवर लागली होती. आई टेबलाशी उभी दिसताच तो दारातच उंबऱ्यावर मटकन बसला. मग त्याला राग आला.

"आई, ठरलं होतं आपलं."

"फोन बिघडलेला नाही. मीही नाही. आमची जरा ओळख पटत नव्हती."

"ते मला काही सांगू नको. फोन उघड बघू सगळ्यांसमोर. तुझी तू. नाही उघडला तर आत्ता सामान बांधायचं."

"पिन यात आहे," काकूंनी शब्दकोशावर हात ठेवला.

"मग काढ."

एका हाताखाली पुस्तक होतं, दुसऱ्या हातात सुरी. काकूंनी पुस्तकाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, इतके दिवस तोंडाशी धरलेल्या आणि आता दोरीवर वाळत असलेल्या रुमालाकडे पाहिलं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली.

"एकदा बांधलेलं पुस्तक मी फाडत नाही," त्या म्हणाल्या.

आणि कुणाकडे पाठ न करता, हनुवटी वर करून त्यांनी कवळी काढली आणि समोर बसलेल्या किल्लीवाल्याच्या तळहातावर ठेवली. "धर. पाडू नको."

किल्लीवाल्याने ती तिजोरीच्या किल्लीसारखी दोन्ही हातांत धरली. काकूंनी फोन चेहऱ्यासमोर आणला. तो क्षणात उघडला. त्यांनी हिरवं बटण दाबलं. डॉक्टरांच्या आणि मुलाच्या खिशात एकदमच टिंग वाजलं.

"वाच," काकू बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

"मी ठीक आहे," मुलाने वाचलं. "पण आई, नऊच्या आत ठरलं होतं. आता साडेनऊ झालेत."

काकूंनी कवळी परत घेतली, धुतली, बसवली. "डॉक्टर, बॅग काढलीच आहे तर रक्तदाब तपासा. आधी माझा."

डॉक्टर याच क्षणाची वाट बघत होते. "एकशे तीस, ऐंशी. उत्तम."

"आता त्याचा."

"माझा कशाला?" मुलगा म्हणाला, तोवर दंडाला पट्टा गुंडाळलाही गेला होता.

डॉक्टरांनी दोनदा मोजला. "एकशे साठ, शंभर. आणि धापही लागलीय. झोपता किती वाजता तुम्ही?"

"बघ," काकू म्हणाल्या. "मी सकाळपासून चढ चढून आले, एक दार वाचवलं, एक पुस्तक वाचवलं. तू गाडीत बसून आलास. मग खुशाली कुणी कुणाची विचारायची? आण तुझा फोन."

"आई, काहीतरीच काय."

"उद्यापासून तूही बटण दाबायचंस, नऊच्या आत. निरोप मला येईल. आणि अट तीच. एकदा जरी चुकलं तरी सामान बांधायचं आणि इथं राहायला यायचं. दाभण धरून पुस्तकं शिवायला शिकवीन मी तुला."

माणसं हसली. मुलाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर रक्तदाबाचा पट्टा काळजीपूर्वक गुंडाळत होते. हसणाऱ्या पंधरा माणसांसमोर आईला नाही कसं म्हणायचं, हे त्याला लहानपणीही जमलं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"तोंडी नको. बटणावर."

दुपारी दुरुस्तीवालीने मुलाकडून पिन घेऊन फोनला काकूंचे दोन्ही चेहरे शिकवले आणि 'खुशाली' मुलाच्या फोनमध्ये टाकून दिली. पिन नव्याने कुठे लिहून ठेवायचा, असं तिने विचारलं. "लिहिलेला आहे तिथेच बरा," काकू म्हणाल्या. "डॉक्टर तो शब्दकोश उघडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी काकूंनी पावणेनऊलाच बटण दाबलं आणि एका फाटक्या पाठ्यपुस्तकाला खळ लावायला बसल्या. नऊ वाजून एक मिनिटाने त्यांच्या फोनचा भोंगा वाजला. तीन मिनिटांनी किल्लीवाल्याचा फोन आला. तो साडेआठपासून मुलाच्या इमारतीसमोर चहा पीत बसला होता. काकूंनीच त्याला तसं सांगून ठेवलं होतं.

"काकू, दाराशी उभा आहे. आतून म्हणतात, आंघोळ चाललीय."

"बटण दाबलं का विचार."

पलीकडे दोन आवाजांची थोडी वादावादी झाली. "नाही म्हणे. फोन चार्जिंगला लावलाय. करू का कुलपाला सुरुवात?"

काकूंनी खळीचा ब्रश पाण्यात ठेवला, बोटं पुसली आणि टेबलाशेजारची रिकामी खुर्ची एकदा पाहून घेतली.

"कुलूप राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला फक्त विचार, सामान किती आहे."