सुमनअक्का आणि किटलीचा सौदा

आमच्या शेजारच्या सुमनअक्कांनी एकदा डॉक्टरांशी रक्तदाबाच्या आकड्यावरून घासाघीस केली होती. मी सोबत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

"वरचा एकशे साठ," डॉक्टर म्हणाले. ते नवीन होते, त्यांना कल्पना नव्हती.

अक्कांनी पदर सावरला. "साठ काय डॉक्टर! चाळीस लावा. इतल्या वरीसनं गिऱ्हाईक शे मी."

डॉक्टरांनी समजावून पाहिलं की आकडा ते ठरवत नाहीत, यंत्र ठरवतं. अक्का तडक उठल्या. "ऱ्हाऊ द्या मग. चालनी मी!" दंडाला पट्टा तसाच होता, त्यामुळे त्यांच्यामागून यंत्रही निघालं. डॉक्टर घाबरून म्हणाले, "अहो अक्का, बसा, बसा. पुन्हा बघतो." दुसऱ्यांदा एकशे पन्नास निघाला. अक्कांनी माझ्याकडे वळून विजयी मुद्रेनं पाहिलं. मधल्या भावात सौदा पटला होता.

"चालनी मी!" हे अक्कांचं ब्रह्मास्त्र. माहेर पारोळ्याचं, सासर जळगावचं, आणि आयुष्य गेलं बांगड्यांच्या दुकानात. नवरा अबोल होता. तो बांगड्या पुसायचा आणि अक्का बोलायच्या. नवरा गेल्यावर दोन्ही कामं त्याच करू लागल्या. पुढे मालकाला त्या जागी काचेची इमारत बांधायची हुक्की आली आणि दुकान गेलं. अक्का जळगावातच मेहरूणला आमच्या शेजारी राहायला आल्या, पण दुकान काही त्यांच्यातून गेलं नाही. फक्त काउंटरची बाजू बदलली. आता त्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या आणि अख्ख्या जळगावच्या व्यापाराला धाप लागली.

अक्कांचा नियम साधा आहे. दुकानदारानं भाव सांगायचा, गिऱ्हाइकानं छातीवर हात ठेवायचा. मग दोघांनी एकमेकांच्या मुलाबाळांची, गुडघ्यांची आणि पाऊसपाण्याची चौकशी करायची. शेवटी गिऱ्हाइकानं "चालनी मी" म्हणून चार पावलं टाकायची आणि दुकानदारानं मागून हाक मारायची. ही हाक फार महत्त्वाची. "हाक नही मारी म्हंजे दुकानदार नही तो, गोडाऊन शे," असं त्या म्हणतात.

एकदा भरिताची वांगी घेताना एका नवख्या भाजीवाल्यानं हाक मारलीच नाही. अक्का चार पावलं गेल्या, आठ गेल्या, शेवटी अख्ख्या बाजाराला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे भाऊ, तू माले हाक मारी का?" तो पोटापुरता शहाणा होता. "हा ना अक्का, कवानी मारी ऱ्हायनू!" तेव्हापासून अक्का वांगी त्याच्याकडूनच घेतात आणि त्याला दर खेपेला अर्धा तास छळतात.

अशा बाईला "एकच भाव" ही पाटी दिसली की काय होत असेल? "हाई दुकान शे का पोलीस चौकी?" असं त्या पाटीखाली उभं राहून विचारतात. मोबाइलवरून सामान मागवणाऱ्यांची तर त्यांना कीव येते. बोलणं नाही, चालणं नाही, नुसता अंगठा दाबायचा. माझी बायको मोबाइलवर साड्या मागवते. अक्का तिच्याशी सुतकात बोलावं तशा हळू आवाजात बोलतात.

तर ह्या अक्का व्हिडिओ गेमच्या नादी लागल्या.

झालं असं, की त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. आईला बघता यावं म्हणून त्यानं आपला जुना लॅपटॉप इथं ठेवला. दर रविवारी तो दिसतो, "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" विचारतो आणि मीटिंगला जातो. रविवारीसुद्धा त्याला मीटिंग असते, हे बंगळुरूचं वैशिष्ट्य असावं. उरलेले सहा दिवस तो लॅपटॉप भरतकाम केलेल्या रुमालाखाली असायचा. पण अक्कांचा हात कुठल्याही पेटीत शिरतो. शोधता शोधता त्यांना एका खेळाचा फुकट नमुना सापडला. फुकट म्हटल्यावर सोडतात की काय!

खेळ असा: एक चहाची किटली आहे आणि तिचं झाकण वाऱ्यानं उडून गेलंय. ते शोधत ती एका रिकाम्या घरात फडताळांवरून, दोऱ्यांवरून, खिडक्यांच्या कडांवरून उड्या मारत फिरते. पण उडी कधी मारता येते? पाणी उकळल्यावर. म्हणजे आधी शेगडी शोधा, तिच्यावर बसा, शिट्टी वाजेपर्यंत थांबा आणि मग वाफेच्या जोरावर उडा. वाटेत निवलात तर रांगत पुढच्या शेगडीपर्यंत जा. ना बंदुका, ना राक्षस. एका फडताळावर मांजर झोपलेली असते, तेवढीच काय ती सोबत. तिसऱ्या खोलीत किटली एका विझलेल्या शेगडीवर बसते आणि पाटी येते: पुढचा खेळ विकत घ्या.

"मास्तर," अक्कांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे परदेशाशी संबंधित सगळी खाती माझ्याकडे आहेत. "हाऊ खेळ इकत लेवासारखा शे का? खेळी देख."

मी खेळलो. किटली माझ्या हातून इतक्यांदा मोरीत पडली की अक्कांनी तिच्याबद्दल खेद व्यक्त केला. तरी निकाल देणं भाग होतं. मी म्हणालो, "अक्का, चित्रं झकास आहेत. हातानं रंगवल्यासारखी. मागं कुणीतरी गुणगुणतं, तेही छान आहे. पण उडी बुळबुळीत आहे. फडताळाची कड कुठे संपते ते कळत नाही. आणि खेळ लहान दिसतोय, दोन रविवारांत संपेल. किंमत एका सिनेमाच्या तिकिटाएवढी. घ्यायला हरकत नाही, पण सेल लागू द्या."

"सेल!" अक्का कडाडल्या. "सेल म्हंजे बठ्ठास्ले, साऱ्या गावले सारखा भाव. मन्हा भाव मी करसू. दुकानदार कोठे शे?"

दुकानदार खेळाच्या पानावर, अगदी तळाशी सापडला. तिथं लोकांनी अभिप्राय लिहायची जागा होती आणि ती कोरी होती. हा खेळ एकट्या माणसानं घरी बसून केलेला होता. तो कुठल्याशा बर्फाळ गावात राहत होता. अक्कांनी त्याचं नाव विचारलंही नाही. तो किटलीवाला झाला.

"लिख," अक्का म्हणाल्या. "माल बरा शे. पन झाकन नही, आनि भाव पुऱ्या किटलीना लावस? निम्मा कर."

मी भाषांतर केलं. शक्य तितकं सभ्य केलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: किंमत ठरलेली आहे, आपण आवड दाखवल्याबद्दल आभारी आहे. अक्का हरखल्या. त्यांच्या मते हा छातीवर हात ठेवायच्या आधीचा भाग होता.

मग सुरू झालं. रोज शाळेतून आलो की चहा अक्कांकडे आणि कारकुनीही अक्कांकडे. "इचार, त्या घरना माणसं कोठे ग्यात? चूल पेटती ठेईसन कोन जास?" त्यानं कळवलं, ते घर त्याच्या आजीचं आहे, ती गेल्यावर रिकामंच आहे. "इचार, चिमटा कसा नही त्या घरमा?" त्यांच्याकडे चिमटा वापरत नाहीत, असं त्यानं कळवलं. अक्कांनी त्याला चिमट्याचे फायदे सांगितले. तो म्हणाला, इथं दुपारी तीनलाच अंधार पडतो. अक्का म्हणाल्या, इथं ऊन एवढं पडतं की तुझी किटली शेगडीशिवाय उडेल. त्यानं भरीत म्हणजे काय विचारलं. ते सांगायला मला दोन दिवस लागले, कारण अक्का एकेका मिरचीवर अडत होत्या.

मधूनमधून भावाची आठवण यायची. मग अक्का आकडा सांगायच्या, तो नाही म्हणायचा, आणि दोघंही समाधानानं चिमट्याकडे वळायचे.

एकदा अक्कांनी अस्त्र काढलं. "लिख, चालनी मी!" मी लिहिलं. लॅपटॉप मिटून त्यांनी वर रुमाल टाकला आणि हाकेची वाट बघत बसल्या. पण किटलीवाल्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! गिऱ्हाईक जातंय म्हणतंय, तर जाऊ द्यावं, अशी त्यांच्याकडची रीत. तो गप्प राहिला. अक्कांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एरवी रस्त्यानं जाणाऱ्या पापडवाल्याला तासभर पिडणारी बाई त्या दिवशी त्यानं सांगितलेल्या भावाला पापड घेऊन आत गेली. तो पापडवाला काळजीनं माझ्याकडे चौकशीला आला.

शेवटी मीच अक्कांसमोर बसून किटलीवाल्याला आमच्याकडची रीत समजावली. की बाबा रे, आमच्याकडे चालनी मी म्हणजे जात नाही मी. अर्ध्या तासात उत्तर आलं: "अक्का, मागे फिरा. तुमच्यासाठी काहीतरी कमी करतो." मी वाचून दाखवलं. अक्कांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"शिकना," त्या म्हणाल्या. "दुकानदार व्हई हाऊ."

झालाच तो दुकानदार. छातीवर हात ठेवू लागला, पोटावर पाय आणता म्हणू लागला. थोडा उतरला, आणखी उतरला, शेवटी खास अक्कांसाठी निम्म्या किमतीचं कूपन द्यायला तयार झाला. पहिल्या दिवशी मागितलेला भाव हातात आला होता. मी म्हटलं, "अक्का, जिंकलात. आता घेऊन टाका."

"इतला लवकर उतरना? मालमा खोट व्हई," अक्का म्हणाल्या.

इथं माझा तोल गेला. गृहपाठाच्या वह्या घरी पडल्या होत्या आणि मी खानदेशचा परराष्ट्रमंत्री होऊन बसलो होतो. "अक्का, निम्म्यात मिळतंय! तुमची किटली तिकडे विझलेल्या शेगडीवर गारठतेय. घ्यायचाच नसेल तर माझ्या चहाची तरी काळजी करा, तो रोज गार होतो."

अक्का काही वेळ रुमालाची झालर सरळ करत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मास्तर, सौदा व्हयना का गिऱ्हाईक उठी जास."

मी लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

"दुकानमा बाया येत. हातमा हात लेईसन बांगड्या भरू. भाव लांबाडू, मुद्दाम. एक डाव पैसा दिधा का त्या चालन्या. मंग मी आनि बांगड्या." त्या थोड्या हसल्या. "हाऊ पोऱ्या रोज बोलस मन्हाशी. लिधा खेळ, तर कसाले बोली?"

ही बाई आयुष्यभर पैशासाठी भांडते असं सगळं मेहरूण समजत होतं, आणि मीही. मी गार चहा एका घोटात संपवला आणि उद्या येतो म्हणालो. सौदा लांबवायला माझी आता काहीच हरकत नव्हती.

पण सौदा किटलीवाल्यानंच संपवायला घेतला. पुढच्या आठवड्यात त्याचं लिहिणं आलं. नेहमीसारखं गमतीचं नव्हतं. महिनाअखेर तो खेळ दुकानातून काढून टाकणार होता. एका गोदामात नोकरी मिळाली होती. खेळ करण्यात काही वर्षं गेली, पण आजवर एकही विकला गेला नाही. बहिणीनं घेतला तो फुकट. "अक्का, तुमच्याशी बोलून मजा आली. आता मी चाललो."

मी वाचून दाखवलं.

"कोनीच नही लिधा?" अक्कांनी विचारलं. "एक बी नही? भवानी बी नही व्हयनी तेनी?"

"नाही."

ज्यांनी कधी दुकान उघडून बसून पाहिलं नाही, त्यांना भवानी म्हणजे काय ते कळायचं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, पहिली विक्री. तिच्यावर घासाघीस नसते, उधारी नसते. ती झाल्याशिवाय दुकानदार चहासुद्धा घेत नाही. आणि हा इतके दिवस दुकान उघडं ठेवून भवानीशिवाय बसला होता. वर अक्का त्याच्याशी निम्म्यासाठी भांडत होत्या.

अक्का उठल्या. आतून पाकीट आणलं, नोटा माझ्या हातात कोंबल्या. मोजल्या नाहीत. "तुन्हा कार्डवरथून ले. आते."

"बरं. कूपन टाकतो—"

"कूपन नको! भवानीले भाव करतंस का कोनी? पुरा दे." त्यांचा आवाज चढला होता. "आनि तेले हाक मार. तो चालना, आते आपीन हाक मारानी. लिख, मागे फीर म्हना. गिऱ्हाईक दारमा उनं."

मी पुरा भाव भरला. खेळ उतरू लागला. अक्कांनी लिहायला लावलं, की पहिली कमाई कपाळाला लाव. उत्तर लगेच आलं: पैसे तर बँकेत जमा झाले, कपाळाला काय लावू? "मोबाइल लाव," अक्का म्हणाल्या. त्यानं लावला असावा. कारण नंतर त्यानं एवढंच लिहिलं, की नोकरी धरणारच आहे, पण दुकान उघडं ठेवतो.

पुढचे काही दिवस अक्कांकडून थाप आली नाही. भिंतीपलीकडून किटलीची शिट्टी तेवढी ऐकू यायची, आणि मधूनच अक्कांचं "संभाळ, पडशी!" शाळेतून आलं की मी आपला घरीच चहा प्यायचो. वह्या तपासून झाल्या, तरी चैन पडेना. किटलीवाल्याचंही काही लिहिणं नव्हतं. सौदा झाला होता, गिऱ्हाईक उठून गेलं होतं. अक्कांचं म्हणणं खरं ठरतंय असं वाटून मला वाईट वाटत होतं.

आणि मग थाप आली. जोरात, दोनदा. मी चप्पल न घालताच गेलो.

लॅपटॉप उघडा होता. किटलीवर झाकण बसलेलं होतं. शेजारी दोन कपांत चहा ओतलेला होता.

"बस," अक्का म्हणाल्या. "लिख तेले. मालमा खोट निघनी."

"खोट? कसली?"

"ती मांजर. खेळ सरना तरी झोपेलच शे. घर रिकामं, आजी गई, मंग तिले दूध कोन देस? इचार तेले."

"परत करायचाय का खेळ?"

"परत कसाले?" अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पहिल्या इयत्तेतला ढ विद्यार्थी असावा. "नुसतं इचार. आनि घाई नही म्हना. सावकाश सांग म्हना, मी कोठे जास नही, आठेच शे."